पायरी चढावी की चढू नये?

वाचकहो, एक प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाला केव्हा ना केव्हा पडलेला आहे. कचेरीतील मंडळी सहलीला निघतात, वाटेत एखादे प्रसिद्ध देवस्थान लागते, गाडी थांबते, सगळे उतरतात. आपण काय करावयाचे? गाडीतच बसून राहिलो तर लोक म्हणतात, हा गृहस्थ अजून मनात राग धरून आहे. आत गेलो तर आपलेच बांधव म्हणतात, हा बावीस प्रतिज्ञा विसरला. आणि आत जाऊन हात न जोडता नुसते उभे राहिलो, तर दोन्हीकडची माणसे आपल्याकडे टक लावून पाहतात. धर्मांतराला सात दशके होत आली तरी हा अवघडलेपणा संपलेला नाही. कोणी त्याला क्षुल्लक म्हणेल. मला तो क्षुल्लक वाटत नाही, कारण त्या पायरीवर माझे बालपण अडकलेले आहे.

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात चारठाणा नावाचे गाव आहे. यादवकाळातील हेमाडपंती देवळे, कोरीव खांब आणि एक उंच नक्षीदार दगडी स्तंभ यांसाठी ते जाणकारांत प्रसिद्ध आहे. १९६२ साली, मी सहावीत असताना, आमच्या शाळेची एका दिवसाची सहल तेथे गेली. निघण्यापूर्वी वडिलांनी मला अंगणात थांबवून सांगितले, "पोरा, आपून आता बुद्धाचे झालो. देवळाची पायरी चढायची न्हाई." वडील निरक्षर होते, पण बावीस प्रतिज्ञा त्यांना तोंडपाठ होत्या. मी मनाशी ठरवून गेलो की गुरुजींना स्पष्ट सांगायचे, मी आत येणार नाही, मी बौद्ध आहे. वाक्य पाठ केले होते. प्रत्यक्षात काय झाले? देवळाजवळ पोहोचताच गुरुजी माझ्याकडे आणि माझ्या वस्तीतल्या दुसऱ्या मुलाकडे वळले आणि म्हणाले, "तुम्ही दोघे इथेच थांबा. चपला-डबे सांभाळा."

त्या वेळी मला बरेच वाटले. वडिलांची आज्ञा आपोआप पाळली गेली होती. पुष्कळ वर्षांनी समजले की त्या दिवशी माझ्याकडून माझा नकार हिरावून घेतला गेला होता. अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा १९५५ सालीच झाला होता, पण कायदा चारठाण्याच्या त्या पायरीपर्यंत पोहोचला नव्हता. मी बाहेर उभा होतो तो माझ्या इच्छेने की त्यांच्या? पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसत होते. माझे आजोबाही असेच बाहेर उभे राहत असत. मग दीक्षेने काय बदलले?

बाबासाहेबांनी हा फरक फार आधी ओळखला होता. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तो रामाच्या दर्शनासाठी नव्हता. ज्या दारातून इतर माणसे जातात त्या दारातून आम्हालाही जाता आले पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ होता. आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला त्यांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली, तेव्हा दार उघडून घेण्याचा प्रश्नच त्यांनी निकालात काढला. जाण्याचा हक्क आणि न जाण्याचा हक्क, दोन्ही आपले झाले. तथापि हक्क मिळाला म्हणून तो कसा वापरावयाचा हे आपोआप कळते असे नाही. मला ते वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, आणि तेही परमुलखात, थोडेसे कळले. तीच हकिकत सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

माझा मुलगा जपानात ओसाका शहरी नोकरीला आहे. २०२४ च्या मार्चमध्ये मी व माझी पत्नी त्याच्याकडे गेलो. कोयासान पर्वतावरील विद्यापीठाच्या आवारात बाबासाहेबांचा पुतळा आहे, २०१५ साली महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. तो आम्ही आधीच्या रविवारी पाहून आलो होतो. १४ एप्रिललाही रविवार आला. सकाळी घरातच प्रतिमेला वंदन केले, त्रिसरण-पंचशील घेतले आणि क्योतो शहरातली जुनी श्रद्धास्थाने पाहायला निघालो. ओसाकाहून क्योतो रेल्वेने अर्ध्या तासाचे अंतर, म्हणजे परभणीहून पूर्णा गाठण्याइतकेच. एक हजारांहून अधिक वर्षे ती जपानची राजधानी होती.

येथे दोन शब्द समजून घेतले पाहिजेत. शिंतो देवतांच्या ठाण्याला जपानी लोक 'जिंजा' म्हणतात आणि बुद्धमंदिराला 'तेरा' किंवा नुसते 'जी'. पर्यटक दोन्हींना देऊळ म्हणतात. आपल्याला मात्र तसे म्हणून भागत नाही, कारण आपला सारा प्रश्नच या दोन शब्दांमधल्या अंतराचा आहे.

पहिले ठिकाण फुशिमी इनारी, एक जिंजा. परंपरेप्रमाणे ७११ सालापासूनचे. इनारी ही मुळात भातपिकाची देवता, पुढे व्यापारउदिमाचीही झाली. कोल्हा हा तिचा दूत. डोंगरावर शेंदरी रंगाच्या लाकडी कमानींची रांगच रांग आहे, सुमारे दहा हजार कमानी. या कमानीला 'तोरी' म्हणतात. सांची-भरहूतच्या तोरणाशी काही अभ्यासक तिचे नाते जोडतात, काही ते मानत नाहीत. प्रत्येक कमानीच्या खांबावर मागच्या बाजूने काळ्या अक्षरांत देणगी देणाऱ्याचे नाव आणि तारीख. मुलाने वाचून दाखवले: अमुक कंपनी, तमुक दुकान. आपल्याकडे सभामंडपाच्या फरशीवर देणगीदारांची नावे कोरतात, त्यांची आठवण झाली. देव बदलला तरी धंद्याची काळजी सगळीकडे सारखीच.

मुख्य ठाण्यासमोर माझी अकरा वर्षांची नात इतर मुलांसारखीच पुढे गेली. दोनदा वाकली, दोनदा टाळी वाजवली, पुन्हा वाकली. मला राहवले नाही. मी मोठ्याने रागावलो. आजूबाजूची शांत माणसे वळून पाहू लागली, तरी मी थांबलो नाही. आपण कोण, आपल्या पणजोबांनी काय सोसले, आज तारीख कोणती, सगळे तिला ऐकवले. मुलगा म्हणाला, "बाबा, राहू द्या ना." नात रडली नाही. ती म्हणाली, "आजोबा, मी काही मागितलं नाही. नुसता नमस्कार केला. सकाळी आपण बाबासाहेबांच्या फोटोला केला तसा."

मी उत्तर दिले की बाबासाहेब हे होऊन गेलेले महापुरुष आहेत, त्यांना वंदन करणे म्हणजे त्यांच्या कार्याचे स्मरण करणे. इनारी ही कल्पनेतली देवता आहे. उत्तर बरोबर होते. आजही मी तेच देईन. पण तिने जो शब्द वापरला तो माझ्या कानांत राहिला: मागितलं नाही.

दुसरे ठिकाण सांजूसांगेंदो, बुद्धमंदिर. तेथे माझा ऊर भरून आला हे कबूल करतो. सुमारे १२० मीटर लांबीचे लाकडी दालन, १२६६ साली पुन्हा बांधलेले, आणि आत कान्नोनच्या, म्हणजे अवलोकितेश्वराच्या, एक हजार उभ्या मूर्ती. मध्यभागी एक मोठी बसलेली. मिळून एक हजार एक. अंधूक उजेडात सोन्याचा मुलामा चकाकतो. छायाचित्र काढायला मनाई आहे, त्यामुळे माणसे खरोखर पाहतात. मीही हात जोडले, आणि मागे वळून नातीकडे पाहिले, जणू सांगत होतो की वाकावे तर असे ठिकाण पाहून वाकावे.

मग मुलगा पुढच्या मूर्तींवरील पाट्या वाचू लागला. कान्नोनच्या परिवारात अठ्ठावीस रक्षक देवता उभ्या आहेत. 'दाइबोन्तेन' म्हणजे महाब्रह्मा. 'नाराएन' म्हणजे नारायण. 'माकेइशुरा' म्हणजे महेश्वर. वाचकहो, आपल्या पहिल्या प्रतिज्ञेतील तिन्ही नावे! शिवाय इंद्र आहे, गरुड आहे. चीनमार्गे प्रवास करीत ही सारी मंडळी बुद्धाच्या मागोमाग तेथवर जाऊन पोहोचली आहेत.

प्रथम मला हसू आले. मी पत्नीला म्हणालो, "बघ, इथे तिघेही बुद्धाच्या दारात पहारेकरी आहेत." तिने हसून मान हलविली. नात मात्र म्हणाली, "म्हणजे ते इथेही आहेतच ना?" आणि माझे हसू अर्धवट राहिले. पाली ग्रंथांतही ब्रह्मा सहंपती बुद्धाला धम्म शिकविण्याची विनंती करतो आणि इंद्र हात जोडून उभा राहतो. देवांना बुद्धाच्या खाली बसविण्याची ही रीत फार जुनी आहे. त्या काळी तिने एक काम केले असेल, देवांचा मोठेपणा कमी केला असेल. परंतु ज्याला खालची जागा दिली तो घरात राहतोच, आणि घरात राहिलेला उद्या वर चढून बसतो. भारतात बुद्धालाच विष्णूचा अवतार करून नेमके हेच घडले. बाबासाहेबांनी देवांना बुद्धाच्या पायाशी बसविले नाही. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात त्यांनी देवांना जागाच ठेवली नाही. त्या दालनात उभे राहून मला प्रतिज्ञांच्या त्या क्रमाचा अर्थ नव्याने कळला. प्रथम नकार, मग स्वीकार. जपानात स्वीकार आधी झाला आणि नकार राहूनच गेला.

यानंतर आम्ही क्योमिझू मंदिर गाठले. डोंगराच्या कडेला लाकडी खांबांवर उभा असलेला त्याचा सज्जा सुमारे १३ मीटर उंच आहे. सध्याची इमारत १६३३ सालची. मुलाने सांगितले की पूर्वी लोक या सज्जावरून खाली उडी मारीत. वाचले तर मनातली इच्छा पुरी होते अशी समजूत. १८७२ साली सरकारने त्यावर बंदी घातली. मी म्हणालो, हेही आपल्याकडच्या गळ टोचून घेण्यासारखेच झाले. आणि हे बुद्धाच्या मंदिरात! मी मुलाला अंधश्रद्धेवर एक छोटेसे व्याख्यान दिले. निवृत्त शिक्षकाची सवय जात नाही.

आणि त्याच मंदिराच्या दुकानात, व्याख्यानाला पाव तासही झाला नसेल, मी काय केले? तेथे रेशमी कापडाच्या छोट्या पिशव्या विकायला होत्या. आरोग्यासाठी वेगळी, प्रवासासाठी वेगळी, विद्याभ्यासासाठी वेगळी. जपानी भाषेत त्यांना 'ओमामोरी' म्हणतात, आपल्या भाषेत ताईत. नातीची पुढच्या जानेवारीत माध्यमिक शाळेची प्रवेशपरीक्षा होती, पोर रात्री दहापर्यंत शिकवणीला जाई. मी खिशातून पाचशे येन काढले आणि विद्याभ्यासाचा ताईत घेतला.

पत्नीने पाहिले. ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "अहो, सकाळी पोरीला रागावलात ना? मग हे काय घेतलंत?"

मी म्हणालो, "हे बुद्धाच्या देवळातलं आहे."

वाचकहो, हे वाक्य मी जसेच्या तसे लिहिले आहे. माझ्या तोंडून 'देऊळ' हाच शब्द आला, विहार नव्हे. मुलीने टाळी वाजवली तेव्हा काही मागितले नव्हते. मी पैसे देऊन मागितले होते. ती दुसऱ्याच्या दारात होती म्हणून दोषी, आणि मी आपल्या दारात होतो म्हणून निर्दोष? जो तथागत शेवटच्या दिवसांत आनंदाला सांगतो की आपला आधार आपणच व्हा, त्याच्या नावाची पिशवी गळ्यात घालून परीक्षा सुटते काय? मी आयुष्यभर वर्गात, वस्तीत, लग्नसमारंभात याच्या विरुद्ध बोललो. तरी नातवंडाची काळजी दाटून आली तेव्हा हात खिशाकडे गेला. माझ्या आईने मला लहानपणी देवीचा काळा दोरा बांधला होता. वडिलांनी दीक्षेनंतर तो तोडून चुलीत टाकला. त्या दिवशी मी तोच दोरा, रेशमी करून, परत विकत घेतला.

येथे कोणी म्हणेल की जपानी माणसे हे सारे हलकेच घेतात. ते खरे आहे. बाळाला जिंजात नेतात, अंत्यविधी बुद्धमंदिरात करतात, आणि विचारले तर पुष्कळ जण सांगतात की आम्हाला धर्म नाही. त्यांच्यावर न्यायाधीश होऊन बसण्याचा मला अधिकार नाही, मी तेथे पाहुणा होतो. परंतु आपल्याला तो हलकेपणा परवडत नाही. ज्या रीतीला लोक निरुपद्रवी म्हणतात, त्याच रीतीने आपले आजोबा पिढ्यान् पिढ्या पायरीखाली उभे राहिले.

क्योमिझूहून उतरत उतरत आपण यासाका जिंजापाशी येतो. त्या भागाचे नाव गिओन. आता गिओन म्हणजे काय? हे नाव आले आहे 'गिओन शोजा'वरून, आणि गिओन शोजा म्हणजे श्रावस्तीचा जेतवन विहार! अनाथपिंडिकाने ज्या उद्यानाच्या भूमीवर नाणी अंथरली, ते जेतवन. या स्थानाला पूर्वी गिओनचे ठाणे म्हणत आणि येथील बैलमुखी देवता जेतवनाची रक्षक मानली जाई. रोगराई टळावी म्हणून ८६९ साली सुरू झालेला गिओनचा उत्सव आजही दर जुलैत होतो. १८६८ साली नव्या मेइजी सरकारने फर्मान काढले की शिंतो आणि बौद्ध स्थाने वेगळी करा. शतकानुशतके एका आवारात नांदलेले जिंजा आणि तेरा तोडून अलग करण्यात आले. गिओनच्या ठाण्याचे नाव बदलून यासाका झाले, देवताही बदलली. देशात अनेक ठिकाणी बुद्धमूर्ती फोडल्या, घंटा वितळविल्या. राजसत्तेला सम्राटाचा धर्म शुद्ध करावयाचा होता. आपल्याकडे बोधगयेला याच्या उलट आहे; तेथील महाविहाराचा कारभार १९४९ च्या कायद्याने हिंदू आणि बौद्ध सभासदांच्या संयुक्त समितीकडे दिला, आणि बौद्ध त्याविरुद्ध अजून झगडत आहेत. एकत्र ठेवणेही राजसत्ता करते, वेगळे करणेही तीच करते. दोन्ही वेळा पूजा करणाऱ्या गरीब माणसाला कोणी विचारीत नाही.

सायंकाळी परतताना स्टेशनजवळच्या हिगाशी होंगानजी मंदिरात गेलो. खरे म्हणजे मी थकलो होतो, पत्नीचे गुडघे दुखत होते, आणि आणखी एक मंदिर पाहण्याची कोणाचीच इच्छा नव्हती. पण दिवसातले सर्वांत महत्त्वाचे ठिकाण तेच निघाले.

हा शिनरान या आचार्याचा पंथ. शिनरान ११७३ साली जन्मला. शिकारी, कोळी, ज्यांना जीवहत्येवाचून पोट भरता येत नाही, त्यांनाही अमिताभाच्या करुणेत जागा आहे असे त्याने शिकविले, सत्तेने त्याला हद्दपार केले. १८६४ च्या आगीत हे मंदिर जळाले आणि १८८० ते १८९५ या काळात पुन्हा उभे राहिले. प्रचंड तुळया ओढताना साधे दोर तुटत. म्हणून देशभरातील भक्त स्त्रियांनी आपले केस कापून पाठविले, त्यांचे दोर वळले. असे त्रेपन्न दोर आले होते. त्यांपैकी एकाचे वेटोळे आजही दोन दालनांमधील मार्गात काचेआड ठेवले आहे. मनगटाहून जाड, काळपट, मध्येच पांढरा केस दिसतो. पत्नी बराच वेळ तेथून हलली नाही. "म्हाताऱ्या बायांनीही दिले बघा," एवढेच म्हणाली.

आता जे सांगतो ते मी पूर्वी वाचलेले होते, पण त्या दोरासमोर ते पहिल्यांदा टोचले. जपानात एक समाज आहे, त्याला बुराकुमीन म्हणतात. मेलेली जनावरे ओढणे, कातडे कमावणे, खाटिककाम, गुन्हेगारांना फाशी देणे ही कामे त्यांच्याकडे. त्यामुळे विटाळ. वेगळी वस्ती, वेगळे लग्नसंबंध. आपल्याला याहून अधिक वर्णन करून सांगण्याची गरज नाही. १८७१ साली कायद्याने ती हीन नावे रद्द झाली, तरी लग्न ठरविताना आणि नोकरी देताना पूर्वजांची वस्ती शोधून काढण्याची रीत पुढे शंभर वर्षे चालली. आणि यात बौद्ध मंदिरांचा वाटा काय? तोकुगावा राजवटीत प्रत्येक कुटुंबाला एखाद्या बुद्धमंदिरात नाव नोंदविणे सक्तीचे होते. म्हणजे कोण कोणत्या जातीचा, याची वही भिक्षूच्या हाती आली. बुराकुमीन बहुसंख्येने शिनरानच्या पंथाचे. पण त्यांची मंदिरे निराळी ठेवली गेली. मृत्यूनंतर बौद्ध रीतीने जे धम्मनाव देतात, त्यातही अनेक ठिकाणी त्यांच्यासाठी 'पशू', 'कातडे', 'चाकर' अशा अर्थाची अक्षरे घातली आणि थडग्यांच्या दगडांवर कोरली. म्हणजे मेल्यावरही जात सुटू दिली नाही. आणि प्राणिहत्या करू नये या शीलाचाच आधार घेऊन माणसाला अपवित्र ठरविले.

३ मार्च १९२२ रोजी याच क्योतो शहरात बुराकुमीनांनी सुइहेइशा, म्हणजे समतेची संघटना, स्थापन केली. तिच्या संस्थापकांत साइको मांकिची हा एका होंगानजी मंदिराच्या पुरोहिताचा मुलगा होता. आणि त्यांनी पहिल्या काही गोष्टींत कोणती केली? होंगानजीला कळविले की आम्ही तुम्हाला देणग्या देणार नाही. ज्या मंदिराला त्यांच्या आयाबायांनी केस दिले असतील, त्याच मंदिराला. महाडच्या चवदार तळ्याच्या पाच वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

याला फार काळ लोटला असे कोणी म्हणेल तर १९७९ सालचे उदाहरण देतो. अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे धर्म आणि शांतता या विषयावर जागतिक परिषद भरली होती. तेथे सोतो झेन पंथाचे प्रमुख अधिकारी माचिदा यांनी सांगितले की जपानात बुराकू भेदभाव नाही, आणि अहवालातून तो उल्लेख काढून टाकायला लावला. बुराकू संघटनांनी जाब विचारला. पुढे त्यांनी जाहीरपणे चूक कबूल केली, आणि त्या पंथाने थडग्यांवरील व वह्यांतील ती नावे शोधून बदलण्याचे काम हाती घेतले. चूक कबूल केली हेही सांगितले पाहिजे. आपल्या देशात कोणत्या धर्मपीठाने असा दगड स्वतः शोधून बदलला, ते मला आठवत नाही.

मी हे मुलाला सांगितले. आठ वर्षे तो तेथे राहतो. म्हणाला, "बाबा, आमच्या कंपनीत याबद्दल कोणी कधी बोलत नाही." मी म्हणालो, "परभणीतसुद्धा चांगल्या घरात कोणी बोलत नाही."

'बुद्ध आणि त्याचा धम्म'च्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी प्रश्न उपस्थित केला आहे की भिक्खू निर्माण करण्यात बुद्धाचा हेतू काय होता, स्वतःपुरता परिपूर्ण माणूस की समाजाचा सेवक. विद्यार्थीदशेत मला तो प्रश्न कोरडा वाटे. जातीची वही सांभाळणारा भिक्षू डोळ्यांसमोर आल्यावर तो कोरडा राहत नाही. मी सकाळपासून प्रत्येक दारावर एकच पाटी वाचत होतो: हे आपले की त्यांचे? जिंजा दिसले की आखडत होतो, बुद्ध दिसला की विरघळत होतो. आत गेल्यावर माणूस काय मागतो, आणि बाहेर कोणाला ठेवले आहे, हे दोन प्रश्न मी दिवसभरात कोठेही विचारले नव्हते. प्रतिज्ञा काढून पाहा. त्यांत पायाबद्दल काही नाही. मानणार नाही, उपासना करणार नाही, असे त्यांत आहे. म्हणजे त्या मनाबद्दल आणि हाताबद्दल आहेत. पायरी चढू नको हे वडिलांचे सांगणे होते, आणि त्यांच्या काळात ते बरोबर होते, कारण त्यांच्यापाशी नकार दाखवायला दुसरे काहीच नव्हते.

जानेवारी २०२५ मध्ये नातीचा फोन आला. परीक्षा उत्तीर्ण झाली. मग म्हणाली, "आजोबा, तो ताईत वर्ष झालं की देवळात परत द्यायचा असतो, ते लोक जाळतात. देऊन येऊ का?" मी तिला सांगितले की तू अभ्यास केलास म्हणून उत्तीर्ण झालीस. ती म्हणाली, "ते माहीत आहे मला. पण मग तुम्ही घेतला कशाला?" मी म्हणालो, "भीती वाटली म्हणून घेतला. माझी चूक झाली. आणि त्या दिवशी तुला सगळ्यांसमोर रागावलो तीही चूकच." पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग तिने विचारले की शाळेचा गणवेश घातलेला फोटो पाठवू का.

त्याच महिन्यात मी चारठाण्याला गेलो. एकटाच, एस. टी. ने. बासष्ट वर्षांनी. देवळापाशी एक म्हातारे गृहस्थ उन्हाला बसले होते. मला पाहून म्हणाले, "या पाव्हणं, दर्शन घ्या."

मी म्हणालो, "दर्शन नको. पाहायला आलोय."

"मंग चपला काढून पाहा," ते म्हणाले आणि पुन्हा उन्हाकडे तोंड करून बसले.

मी चपला काढल्या आणि पायरी चढलो. आत गार होते, वटवाघळांचा वास होता. एकेका खांबापाशी थांबून, हात पाठीमागे बांधून, मी कोरीव काम पाहिले. कोणा पाथरवटाने ते केले, त्याला पुढे आत येऊ दिले की नाही, कोण जाणे. अर्धा तास गेला असेल. बाहेर आलो तेव्हा चपला जागेवरच होत्या.